मोबाइलच्या जोडीला वही

आयनॅचरलिस्ट अ‍ॅपवर मोहाच्या फुलाचा फोटो टाकला की तारीख व ठिकाणही नोंदले जाते. नाव चुकले तर जाणकार दुरुस्ती सुचवतात. पण कोणत्या झाडाचा मोह आधी गळतो, यंदा बहर उशिरा का आला, आपल्या बोलीत त्याला काय म्हणतात, हे पाड्यावरची आजी सांगते. ते वहीतच उतरवावे. तारीख, वेळ, हवामान, सांगणाऱ्याचे नाव लिहून शेजारी अ‍ॅपवरील नोंदीचा क्रमांक टाकावा.

२००२ च्या जैवविविधता कायद्याखाली स्थानिक समिती लोक जैवविविधता नोंदवही तयार करते. तिला अशा वहीचा आधार होतो. मात्र औषधी वनस्पतींचे उपयोग अ‍ॅपवर टाकण्यापूर्वी ग्रामसभेला विचारावे. ती गावाची ठेव आहे.

बंधुभगिनींनो, आपण दिलेली एक वही हे ज्ञान नातवंडांपर्यंत पोहोचवील.