पाणी आत घेणारं घड्याळ

पाणबुड्याच्या घड्याळाचं पहिलं काम म्हणजे पाणी बाहेर ठेवणं. फेवर ल्यूबा या स्विस कंपनीने १९६८मध्ये 'बॅथी' आणलं आणि पाण्याला रीतसर वाट करून दिली. मागच्या झाकणाला भोकं, त्यांच्या आत धातूचा पातळ पडदा. पाण्यात दर दहा मीटरला दाब साधारण एका वातावरणाइतका वाढतो. तो पडद्याला आत ढकलतो, ती हालचाल डायलवरच्या वेगळ्या काट्यापर्यंत पोहोचते आणि काटा खोली सांगतो. वेळेची मशीन या पाण्यापासून अलग, बंद कप्प्यात. 'बॅथी ५०' मीटरमध्ये मोजायचं, 'बॅथी १६०' फुटांत. त्याआधी, १९६२मध्ये, कंपनीने डोंगर चढणाऱ्यांसाठी 'बिव्हॉक' काढलं होतं. हवा विरळ झाली की आतली निर्वात डबी फुगते आणि काटा उंची दाखवतो. कल्पना तीच, दिशा उलटी.

औंढा नागनाथ तालुक्यातल्या जवळा बाजारात यातलं काही येत नाही. समुद्र इथून चारशे किलोमीटरहून लांब. तरी दुरुस्तीवाल्या चाचांच्या टेबलावर आज 'सी-चीफ' आहे, याच कंपनीचं. कॉलेजातल्या एका पोराने ऑनलाइन मागवलेलं. भडक नारिंगी डायल, चकचकीत काटे. आठवडाभर चाललं आणि बसलं.

"चाचा, स्विस हाय ना पण?"

"आतून हाय," चाचा म्हणतात आणि डोळ्याला भिंग लावतात.

झाकण निघतं. रबराची रिंग असायला हवी तिथे नुसती खाच आहे. चावीच्या दांडीवर तांबूस गंज. पोराला पोहायला न्यायचं होतं ते. "हात धुतानाबी काढून ठेव," असा निकाल मिळतो. सी-चीफ, सी-किंग या नावांमागे बॅथीसारखी यंत्रणा मुळात नव्हतीच. साधी, मजबूत, रोज चावी द्यायची ही घड्याळं. समुद्र डायलवरच्या अक्षरांत होता आणि जाहिरातीला तेवढा पुरत होता.

मात्र ही घड्याळं इथवर पोहोचली ती बंदरामुळेच. ल लोक्ल या गावात १७३७पासून चालत आलेला फेवर घराण्याचा धंदा १८१५मध्ये ल्यूबांच्या भागीदारीत गेला, आणि १८६०च्या दशकात त्यांनी मुंबईत पाय रोवला. १८६९मध्ये सुएझ कालवा उघडला आणि युरोपचा माल मुंबईला लवकर उतरू लागला. एचएमटीची घड्याळं १९६१मध्ये येईपर्यंत चांगलं घड्याळ म्हणजे परदेशीच. हुंड्याच्या यादीत सायकल, रेडिओ आणि घड्याळ अशी तीन नावं असायची. घड्याळ फेवर ल्यूबा असलं तर जावई बाही जरा वर दुमडूनच बसे.

चाचा आधी कमान मोकळी करतात. चावी बोटात धरून, अडकण बाजूला सारून, सुटणारा जोर हळूहळू जाऊ द्यायचा. एकदम सुटला तर चाकांचे दात जातात. मग बॅलन्स. केसाहून बारीक हेअरस्प्रिंग चिमट्याने वाकडी झाली तर तिला सरळ करण्यात दुपार जाते, म्हणून ते बॅलन्स पुलासकट उचलतात आणि उलटं ठेवतात. बाकीचे भाग पेट्रोलच्या वाटीत. माणकांची भोकं टोकदार लाकडी काडी फिरवून साफ होतात. काडी काळी निघते, पुन्हा टोक काढायचं, पांढरी निघेपर्यंत. तेल सुईच्या टोकावर मावेल तेवढंच. जास्त पडलं तर पसरतं, धूळ धरतं, आणि वर्षभरात घड्याळ परत टेबलावर.

याच कंपनीने १९६२मध्ये एका मशीनमध्ये दोन कमानी बसवल्या. एका जाड कमानीऐवजी दोन हलक्या, त्यामुळे मशीन तीन मिलिमीटरहून कमी जाडीची झाली आणि एका चावीत ५० तास चालू लागली. कंपनीचं खरं कौशल्य बघायचं तर आपण नावातल्या समुद्रापेक्षा या जागेच्या हिशेबाकडे आधी बघू.

जोडणी झाली. चाचा चावीला दोन वेढे देतात आणि बॅलन्स डोलायला लागतं. अशा जुन्या मशीनचे ठोके सहसा तासाला १८ हजार, म्हणजे दिवसाला ४ लाख ३२ हजार. त्यात ७५ ठोके मागेपुढे झाले तर फरक १५ सेकंदांचा. चाचांना तो चालतो.

डायल बसवण्याआधी ते पोराला दाखवतात. अक्षरांच्या कडा फुटलेल्या, रंग खुणांवर चढलेला. जुनं डायल घासून नवा रंग, नवी छपाई करणारे कारागीर मुंबईत आहेत. जगभरचे संग्राहक अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणून नाकं मुरडतात. मशीन मात्र बहुधा खरी असते, हे त्यातले थोडेच जण मान्य करतात.

नाव अजून जिवंत आहे. २०११मध्ये ते टायटनने घेतलं. त्या काळात १२० मीटरपर्यंत मोजणारं आणि सगळ्यात खोल गेलेला आकडा लक्षात ठेवणारं नवं बॅथी निघालं. २०२३मध्ये नाव इथॉसकडे गेलं, आणि पुढच्या वर्षी चीफ, डीप ब्लू ही घड्याळं पुन्हा बाजारात आली, लाखाच्या पुढच्या किमतीत. पोराने मोबाइलवर तो आकडा चाचांना दाखवला. त्यांनी सर्व्हिसिंगचे पैसे मोजून घेतले, आणि रबराची रिंग परभणीहून मागवतो म्हणाले.