जुन्या गाडीतील चार चाकांची ओढ

छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्या कित्येक सुशिक्षित कुटुंबांची शेती कन्नड, सिल्लोड, सोयगाव किंवा पैठण तालुक्यात असते. उन्हाळ्यात तेथवर कोणतीही मोटार जाते. पाऊस पडून काळी माती एकदा फुगली म्हणजे मात्र डांबरी सडकेपासून वस्तीपर्यंतचा अखेरचा किलोमीटर हाच सगळ्या प्रवासात लांबचा ठरतो. खताच्या गोणी सडकेवरच उतरवाव्या लागतात, आणि वस्तीवर कोणी आजारी पडले तर दवाखान्याची वाट चिखलातून खाटेवर सुरू होते. अशा घरात चारही चाकांना ओढ असलेली एखादी जुनी गाडी घेण्याचा विचार निघतो. नवीची किंमत झेपत नाही, जुनी बेताच्या किमतीत मिळते, आणि विकणाऱ्याचे एक वाक्य बहुधा ठरलेले असते : "खालून थोडा आवाज आहे, बाकी गाडी कडक."

हा 'थोडा आवाज' कोठला, एवढे ज्याला कळले त्याने सौदा खुशाल करावा. ज्याला कळले नाही त्याने किंमत कितीही उतरली तरी थांबावे.

ह्या गाड्यांचे कूळ जुने आहे. दुसऱ्या महायुद्धात विलिस आणि फोर्ड ह्या अमेरिकन कारखान्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनविल्या. युद्धानंतर, १९४० च्या दशकाच्या अखेरीस, मुंबईच्या महिंद्र कंपनीने त्याच विलिस जीपचे सुटे भाग आणून त्या येथे जोडण्यास आरंभ केला. पुढे इंजिने बदलली, सांगाडे बदलले. पण शेतावरच्या बहुतेक कामकरी गाड्यांतील ओढीची मूळ कल्पना तीच राहिली. इंजिनाची शक्ती गिअरबॉक्समधून ट्रान्सफर केस नावाच्या दुसऱ्या पेटीत येते. तेथून एक फिरता दांडा मागच्या आसाकडे जातो आणि एक पुढच्या आसाकडे. चालकाने तरफ ओढली की पुढचा दांडाही मागच्याशी जखडला जातो.

जखडला जातो, हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. खळ्यावर पात धरलेली ज्याने पाहिली आहे त्याला ठाऊक असते की तिवड्याजवळचा बैल जागच्या जागी पावले टाकतो आणि कडेचा बैल दमून जातो. मोटार वळते तेव्हा चाकांचेही तसेच होते. डाव्या-उजव्या चाकांतला हा फरक सांभाळण्याचे काम प्रत्येक आसावरचे डिफरन्शियल करते. परंतु वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठा फेरा घेतात, आणि पुढच्या-मागच्यांमधला हा फरक सांभाळणारे ह्या साध्या रचनेत काहीच नसते. चिखलात चाक थोडे घसरते व फरक आपोआप निघून जातो. डांबरी किंवा काँक्रीटच्या रस्त्यावर चाक घसरत नाही. मग दांड्यांत आणि दात्यांत पीळ भरत जातो. चारही चाकांची ओढ लावून जालना रोडवर ऐटीत फिरलेली गाडी ह्याच रीतीने आतून झिजते. शेतात राबलेल्या गाडीपेक्षा शहरात मिरवलेली गाडी अधिक संशयास्पद मानावी, असे म्हटले तर ते फारसे चुकणार नाही.

टायरांकडे पाहणेही ह्याचसाठी अवश्य. ३५ सेंटिमीटर त्रिज्येचे चाक एका किलोमीटरात सुमारे ४५५ फेरे घेते. तेच अर्धा सेंटिमीटर झिजले तर फेरे ४६१ होतात. पुढे नवे व मागे जुने टायर असतील तर सरळ रस्त्यावरही किलोमीटरामागे सहा-सात फेऱ्यांचा पीळ पडतो. चारही टायर एका मापाचे आणि सारख्या झिजेचे नसतील, तर आवाजाचे कारण कदाचित तेथेच सापडते.

आता आवाजाकडे वळावयाचे. गाडी पुढून मागे किंवा मागून पुढे घेताना एकदाच 'ठक्' असा आवाज आला, तर बहुधा दांड्याच्या सांध्यातला क्रॉस झिजलेला असतो. गाडी बंद करून, चाकांना दगड लावून, खाली वाकून दांडा हाताने पिळून पाहावा. सांध्याजवळ खेळ जाणवतो. हा दोष स्वस्तातला. चाल वाढविताना घुमणारा आणि पाय उचलताच बदलणारा सूर मात्र आसाच्या घरातून, क्राउन व पिनियन ह्या दात्यांच्या जोडीतून येतो. ही चक्रे एकमेकांशी जुळवूनच घडविलेली असतात, त्यामुळे एक बदलून भागत नाही. जोडी घ्यावी लागते आणि ती बसविणारा मिस्त्रीही कसबी लागतो. पाय दाबला काय, उचलला काय, वेगाबरोबर सारखीच घरघर वाढत असेल तर बेअरिंगचा संशय घ्यावा. मंदगतीच्या गिअरमध्ये भार पडताच तरफ आपोआप सुटून येत असेल, तर ट्रान्सफर केस उघडल्यावाचून खर्चाचा आकडा कोणी सांगू नये, आणि सांगितला तरी ऐकू नये.

ह्याहून एक वेगळी गोष्ट आहे, आणि ती आवाजच करीत नाही. पुढचा दांडा थरथरू लागला म्हणून काही मालक तो काढूनच ठेवतात. तरफ हलते, दिवाही लागतो, गाडी शांत चालते, आणि पहिल्या पावसात दोनच चाके फिरताना दिसतात. ह्याची परीक्षा सोपी आहे. सपाट जागी इंजिन बंद करून इतर तिन्ही चाकांना दगड लावावेत व पुढचे एकच चाक जॅकवर उचलावे. हबवर हाताने फिरवायची कुलपे असल्यास ती लावावीत. तरफ दोन चाकांच्या ओढीवर असताना उचललेले चाक हाताने फिरले पाहिजे. चारच्या ओढीवर नेताच ते अडले पाहिजे. दोन्ही वेळा ते मोकळेच फिरले, तर मधली साखळी कोठे तरी तुटलेली आहे. परीक्षा चालू असताना गाडीखाली कोणीही शिरू नये, हे सांगावयास नकोच.

तेलाची साक्ष अशीच निर्णायक. नदीनाल्यातून गेलेल्या गाडीच्या आसाचे तापलेले घर थंड पाण्यात बुडताच आतली हवा आकसते आणि झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढले जाते. असे तेल दुधाळ दिसते. विकणाऱ्याची परवानगी घेऊन दोन्ही आसांचे व ट्रान्सफर केसचे थोडे तेल पांढऱ्या फडक्यावर उतरवावे. बारीक करडी भुकटी ही झिजेची रीतच आहे. चमकणारे कण किंवा दात्याचा तुकडा दिसला तर बोलणे तेथेच आटोपावे. फडक्याला आक्षेप घेणाऱ्या विक्रेत्याने आपले उत्तर दिलेलेच असते.

कागदपत्रांविषयी थोडक्यात. इंजिन व चासीचे क्रमांक नोंदणीपत्राशी ताडून पाहावेत. गाडीवर कर्जाचा बोजा असल्यास तो उतरल्याचा ३५ क्रमांकाचा नमुना मागावा. हस्तांतरासाठी २९ आणि ३० क्रमांकाचे नमुने लागतात. मालवाहू म्हणून नोंदलेल्या गाडीचे योग्यता-प्रमाणपत्र आठ वर्षांनंतर दरसाल नवे करावे लागते, हा खर्च हिशेबात धरावा.

इतके झाल्यावर किमतीचे बोलणे. आपल्या ओळखीच्या मिस्त्रीकडून सापडलेल्या दोषाचा खर्च सुटे भाग आणि मजुरी वेगळी मांडून लिहून घ्यावा, व तो कागद विक्रेत्यापुढे ठेवावा. गाडी घरी आल्यावर गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही आस ह्यांतील तेल त्याच आठवड्यात बदलावे, आणि तरफेची पहिली परीक्षा मृगाच्या आधी, ओल्या केलेल्या शेतात करून पाहावी.