वॉलिस, ल्यू

(१० एप्रिल १८२७–१५ फेब्रुवारी १९०५). अमेरिकन ऐतिहासिक कादंबरीकार, सेनानी, विधिज्ञ व मुत्सद्दी. संपूर्ण नाव ल्यूइस वॉलिस. ख्रिस्तकालीन जीवनावरील ‘बेन-हर : अ टेल ऑफ द ख्राइस्ट’ (१८८०) या कादंबरीमुळे तो जगभर प्रसिद्धीस आला. एका श्रद्धाळू लेखकाने आपल्या श्रद्धेच्या प्रसारार्थ लिहिलेला ग्रंथ, अशी या कादंबरीविषयी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः तिचे लेखन हाती घेतले, तेव्हा वॉलिस धर्माविषयी पूर्णतः उदासीन होता. लेखनासाठी केलेल्या अभ्यासातून तो श्रद्धेकडे वळला आणि ज्या भूमीचे त्याने तपशीलवार वर्णन केले, ती भूमी ग्रंथ प्रसिद्ध झाल्यानंतरच त्याच्या दृष्टीस पडली. प्रथम लेखन, त्यातून श्रद्धा आणि अखेरीस प्रवास, असा हा उलटा क्रम त्याच्या वाङ्मयीन जीवनाचे वैशिष्ट्य होय.

वॉलिसचा जन्म अमेरिकेतील इंडियाना राज्यात ब्रुकव्हिल येथे झाला. त्याचे वडील डेव्हिड वॉलिस हे १८३७ ते १८४० या काळात त्या राज्याचे गव्हर्नर होते. आई एस्थर ही तो सात वर्षांचा असताना क्षयाने वारली. ‘बेन-हर’च्या नायिकेचे नाव एस्थर असेच आहे. शालेय शिक्षणात त्याचे मन रमले नाही. चित्रकला, भटकंती आणि वडिलांच्या संग्रहातील पुस्तकांचे वाचन यांतच त्याचा वेळ जाई. सोळाव्या वर्षी वडिलांनी त्याच्या खर्चाचा भार वाहण्याचे थांबविल्यावर सरकारी कचेरीत कागदपत्रांच्या नकला करून तो चरितार्थ चालवू लागला. १८४६ मध्ये मेक्सिकोविरुद्धच्या युद्धात स्वयंसेवक पथकातून तो गेला. मात्र प्रत्यक्ष लढाईत भाग घेण्याची संधी त्याला मिळाली नाही. १८४९ मध्ये त्याला वकिलीची सनद मिळाली. १८५२ मध्ये सूझन एल्स्टन हिच्याशी त्याचा विवाह झाला आणि पुढे क्रॉफर्ड्झव्हिल हे गाव त्याचे कायमचे निवासस्थान झाले. सूझन ही स्वतः लेखिका होती.

अमेरिकेतील यादवी युद्धात (१८६१–६५) वॉलिस उत्तरेच्या पक्षाकडून लढला. फोर्ट डॉनेल्सनच्या लढाईतील कामगिरीनंतर मार्च १८६२ मध्ये त्याला मेजर जनरलचे पद मिळाले. त्या वेळी तो उत्तरेच्या सैन्यातील या पदावरचा सर्वांत तरुण अधिकारी होता. पुढच्याच महिन्यात शायलोच्या लढाईत सेनापती ग्रँटच्या संदिग्ध आदेशामुळे त्याची तुकडी वेगळ्याच मार्गाने गेली व पहिल्या दिवशीची लढाई संपल्यावर रणांगणावर पोहोचली. त्या दिवसाच्या भयंकर मनुष्यहानीचा ठपका त्याच्यावर आला. जुलै १८६४ मध्ये मनॉकसी नदीकाठी आपल्या दुपटीहून मोठ्या शत्रुसैन्यास एक दिवस थोपवून त्याने राजधानी वॉशिंग्टनच्या बचावास अवधी मिळवून दिला. तरीही शायलोचा डाग पुसला गेला नाही. ग्रँटने १८८५ मध्ये आपल्या आत्मचरित्रातील एका टिपेत हा दोषारोप सौम्य केला. परंतु वॉलिसला हे शल्य आयुष्यभर सलत राहिले. केवळ अपघाताने घडलेल्या कृत्यासाठी अपराधी ठरलेला निरपराध नायक त्याच्या प्रमुख कादंबरीच्या केंद्रस्थानी यावा, यामागे हा स्वानुभव असावा, असे काही अभ्यासकांचे मत आहे.

वॉलिसची पहिली कादंबरी ‘द फेअर गॉड’ (१८७३) ही मेक्सिकोतील ॲझटेक साम्राज्याच्या विनाशावर आधारलेली आहे. प्रेस्कट या इतिहासकाराचा मेक्सिकोवरील विजयाचा ग्रंथ वाचून तरुणपणीच त्याने तिचा आराखडा तयार केला होता. पुस्तकरूपाने ती प्रसिद्ध होण्यास जवळजवळ तीस वर्षे लागली. जिंकणाऱ्यांच्या धर्माबरोबरच जिंकल्या गेलेल्यांच्या धर्मश्रद्धेकडेही लक्ष देण्याची त्याची वृत्ती या पहिल्या कृतीतच दिसून येते.

१८७६ मध्ये घडलेल्या एका भेटीने त्याच्या लेखनास नवी दिशा दिली. सैनिकांच्या मेळाव्यासाठी इंडियानापोलिसला जात असता आगगाडीत त्याची रॉबर्ट इंगरसॉलशी गाठ पडली. इंगरसॉल हा शायलोच्या लढाईत भाग घेतलेला माजी कर्नल आणि अमेरिकेतील अज्ञेयवादाचा सर्वांत प्रभावी वक्ता होता. ईश्वर, स्वर्ग, परलोक आणि ख्रिस्ताचे देवत्व यांवर तो प्रवासभर बोलत राहिला. वॉलिसला त्याच्या युक्तिवादाचे खंडन करता आले नाही. तो मान्य करण्याइतकाही त्या विषयाचा अभ्यास त्याच्यापाशी नव्हता. आयुष्याची पन्नाशी जवळ आली असताना एवढ्या मोठ्या प्रश्नावर आपले स्वतःचे असे काहीच मत नाही, याची त्याला लाज वाटली. स्थानकावरून गाडी न घेता अंधारातून पायी चालत असताना त्याने या विषयाचा समग्र अभ्यास करण्याचा निश्चय केला. निष्कर्ष कोणताही निघो, तो आपला स्वतःचा असावा, एवढीच त्याची अपेक्षा होती. ‘द फर्स्ट ख्रिसमस’ (१८९९) या पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्याने ही हकीकत सांगितली आहे.

धर्मशास्त्रावरील जड ग्रंथांत त्याला गोडी नव्हती. तथापि बालख्रिस्ताच्या दर्शनास आलेल्या पूर्वेकडील तीन ज्ञानी पुरुषांची कथा त्याने यापूर्वीच लिहून ठेवली होती. ही कथा ख्रिस्ताच्या क्रूसारोहणापर्यंत वाढविली, तर अभ्यासही होईल आणि तो रुचकरही राहील, असे त्याला वाटले. ‘बेन-हर’च्या आठ भागांपैकी पहिला भाग म्हणजे हीच कथा होय. त्यातील बाल्थाझार इजिप्तचा, गास्पर ग्रीसचा आणि मेल्कीओर भारतातील दाखविला आहे. जन्माने ब्राह्मण असलेला मेल्कीओर संस्कृत भाषा, वर्णव्यवस्था आणि गंगातीरावरील जीवन यांविषयी बोलतो. त्याच्या मुखी असलेली माहिती त्या काळच्या पाश्चात्त्य ग्रंथांवरून घेतलेली असल्याने अपुरी आहे. परंतु सत्याचा शोध सर्व संस्कृतींत स्वतंत्रपणे चालू होता, ही वॉलिसची धारणा तिच्यातून व्यक्त होते.

कादंबरीच्या पूर्वतयारीसाठी त्याने केलेला प्रवास मुख्यत्वे ग्रंथालयांचा होता. वॉशिंग्टन येथील लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये व अन्यत्र त्याने जोसीफसचा यहुद्यांचा इतिहास, रोमन चालीरीती, पूर्वेकडील प्रवाशांची वृत्ते आणि प्राचीन नौका यांविषयीची माहिती वाचली. गावे, टेकड्या, खिंडी, पायवाटा व अंतरे दाखविणारा पॅलेस्टाइनचा एक जर्मन नकाशा लेखनाच्या वेळी तो सतत समोर ठेवी. सेनानी म्हणून नकाशावरून भूप्रदेशाची कल्पना करण्याचा त्याचा सराव येथे उपयोगी पडला. उंट कोणत्या दिशेने येईल, सूर्य कोठे असेल, कोणत्या उंचवट्यावरून कोणता दरवाजा दिसेल, याचा तो आधी हिशेब करी व मगच प्रसंग लिही. क्रॉफर्ड्झव्हिल येथील घराजवळच्या एका मोठ्या बीच वृक्षाखाली या कादंबरीचा बराच भाग लिहिला गेला.

प्रत्यक्ष ख्रिस्ताचे चित्रण ही लेखनातील सर्वांत अवघड बाब होती. त्या काळी अमेरिकेतील अनेक प्रॉटेस्टंट कुटुंबांत कादंबरीवाचन हेच मुळी निषिद्ध मानले जाई. अशा वेळी ख्रिस्ताला कादंबरीतील पात्र करणे लोकांना रुचणार नाही, हे वॉलिस जाणून होता. म्हणून त्याने स्वतःसाठी काही नियम ठरविले. ख्रिस्त कथेत क्वचितच यावा, तो प्रामुख्याने अखेरीस यावा आणि त्याच्या तोंडी घातलेला प्रत्येक शब्द शुभवर्तमानातील असावा. त्याला अपवाद एकच : साखळदंडांनी जखडून नेल्या जाणाऱ्या नायकाला नॅझरेथच्या विहिरीपाशी एक तरुण पाणी पाजतो. या प्रसंगात तो तरुण काहीच बोलत नाही.

१८७८ मध्ये वॉलिसची न्यू मेक्सिको प्रदेशाच्या गव्हर्नरपदी नेमणूक झाली. लिंकन परगण्यातील टोळीयुद्ध आणि बिली द किड हा कुप्रसिद्ध गुन्हेगार यांच्याशी दिवसा सामना करावा आणि रात्री सांता फे येथील जुन्या राजवाड्यात दारे-खिडक्या बंद करून दिव्याच्या प्रकाशात लिहावे, असा त्याचा क्रम होता. क्रूसारोहणाचा भाग तेथेच लिहिला गेला. १८८० च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या हार्पर अँड ब्रदर्स या प्रकाशनसंस्थेने कादंबरी प्रसिद्ध केली.

जूडा बेन-हर हा जेरूसलेममधील संपन्न यहुदी घराण्यातील तरुण. त्याच्या गच्चीवरून एक कौल निसटून रोमन अधिकारी ग्रेटसला लागते. बालमित्र मेसाला हा रोमन अधिकाऱ्यांची बाजू घेतो आणि बेन-हरला युद्धनौकेवर वल्हेकरी गुलाम म्हणून धाडले जाते. तेथून सुटका, रोमन सेनानी ॲरियसकडून दत्तकविधान, अँटिऑक येथील रथशर्यतीत मेसालाचा पराभव, कुष्ठरोगाने ग्रासलेल्या आई-बहिणीची ख्रिस्ताच्या कृपेने मुक्ती, अशी ही कथा आहे. रथशर्यतीच्या वर्णनाने ती लोकप्रिय झाली. परंतु तिचा खरा संघर्ष निराळा आहे. येणारा मसीहा तलवारीने राज्य स्थापन करील, असे नायकाचा व्यवस्थापक सायमनायडीझ मानतो. त्याचे राज्य आत्म्याचे असेल, असे बाल्थाझार सांगतो. नायक गॅलिलीमध्ये गुप्तपणे सैन्य उभारतो आणि क्रूसाच्या पायथ्याशी ते सैन्य निरर्थक असल्याचे त्याला कळून येते. सूडाकडून क्षमेकडे होणारा हा प्रवास एका सेनानीने लिहिला असल्याने त्याला विशेष अर्थ प्राप्त होतो.

राष्ट्राध्यक्ष गारफील्डने १८८१ मध्ये ही कादंबरी वाचून वॉलिसला अभिनंदनपर पत्र पाठविले आणि ऑटोमन साम्राज्यातील अमेरिकेचा प्रतिनिधी म्हणून त्याची कॉन्स्टँटिनोपल येथे नेमणूक केली. तेथे १८८५ पर्यंत तो होता व सुलतान दुसरा अब्दुल हमीद याच्याशी त्याचा निकटचा स्नेह जडला. या नेमणुकीमुळे त्याला सूझनसह पवित्र भूमीचा प्रवास करता आला. आपल्या नायकाच्या मार्गाने बेथानीपासून ऑलिव्ह पर्वतावरून जेरूसलेमपर्यंत तो चालत गेला, एन-रोगेलची विहीर त्याने पाहिली आणि ग्रंथातील वर्णनांशी प्रत्यक्ष स्थळे ताडून पाहिली. कोठेही बदल करण्याचे कारण आढळले नाही, असे त्याने समाधानाने नमूद केले आहे.

हे समाधान भूवर्णनापुरते रास्त होते. इतिहासाच्या बाबतीत पुढील संशोधनाने काही तपशील चुकीचे ठरविले. रोमन युद्धनौकांवरील वल्हेकरी सामान्यतः स्वतंत्र नागरिक वा वेतनधारी सैनिक असत; साखळदंडांतील गुलामांचे चित्र हे उत्तरकालीन यूरोपीय जहाजांवरून मागे नेलेले आहे. जूडीआच्या रोमन अधिकाऱ्यास ‘प्रोक्युरेटर’ म्हणण्याची रूढी प्राचीन इतिहासकारांवरून आली. परंतु १९६१ मध्ये सीझरीया येथे सापडलेल्या शिलालेखात पायलेटला ‘प्रीफेक्ट’ म्हटले आहे. शिवाय वाटा-विहिरी बिनचूक असल्या, तरी त्यामुळे त्या वाटांवर घडलेल्या चमत्कारांना पुरावा मिळत नाही. वॉलिसच्या बाबतीत श्रद्धा आणि पुरावा यांचे नाते असे सरळ नव्हतेही. ग्रंथ पूर्ण होण्यापूर्वीच ईश्वर व ख्रिस्त यांवर आपला विश्वास बसला होता, असे तो सांगतो. म्हणजेच पवित्र भूमी पाहण्याआधीच त्याचा निर्णय झालेला होता.

कॉन्स्टँटिनोपलमधील वास्तव्यातून ‘द प्रिन्स ऑफ इंडिया’ (१८९३) ही दोन खंडांची कादंबरी निर्माण झाली. १४५३ मधील त्या नगरीचा पाडाव हा तिचा विषय आहे. तिचा नायक भारतीय नसून भारतीय राजपुत्राच्या वेषात वावरणारा, मृत्यू नाकारलेला दंतकथेतील भटका यहुदी आहे. सर्व धर्मांना एका ईश्वराच्या उपासनेत एकत्र आणण्याचा त्याचा प्रयत्न विफल होतो. या कादंबरीतील नगरी वॉलिसने चार वर्षे प्रत्यक्ष पाहिलेली होती. तरीही पाल्हाळामुळे ती ‘बेन-हर’ची उंची गाठू शकली नाही. स्थळांच्या प्रत्यक्ष परिचयापेक्षा लेखकाला छळणारा प्रश्न हीच ऐतिहासिक कादंबरीची मुख्य प्रेरणा असते, हे या दोन कृतींच्या तुलनेवरून दिसून येते.

वॉलिसने अखेरपर्यंत कोणत्याही चर्चचे सदस्यत्व स्वीकारले नाही. ख्रिस्ती धर्मातील ईश्वरविषयक कल्पना आपल्याला पूर्णतः मान्य आहे, चर्चविषयी आपला आक्षेप नाही. मात्र आपले स्वातंत्र्य आपल्याला प्रिय आहे आणि सभासद होण्याइतके आपण चांगले आहोत असे वाटत नाही, अशी भूमिका त्याने आत्मचरित्रात मांडली आहे. ‘द बॉयहुड ऑफ ख्राइस्ट’ (१८८८) हे त्याचे आणखी एक ख्रिस्तविषयक पुस्तक.

‘बेन-हर’ची विक्री आरंभी मंद होती, पहिल्या सात महिन्यांत सु. २,८०० प्रती खपल्या. १८८९ पर्यंत हा आकडा चार लाखांवर गेला आणि १९०० पर्यंत तिच्या ३६ इंग्रजी आवृत्त्या व सु. २० भाषांत अनुवाद झाले. कादंबऱ्यांना दार बंद असलेल्या अनेक धार्मिक घरांत ती बायबलशेजारी ठेवली गेली. समीक्षकांचे मत मात्र अनुकूल नव्हते. हॉवेल्स, हेन्री जेम्स यांच्या वास्तववादाचा तो काळ होता. कृत्रिम संवाद, ठोकळेबाज स्वभावरेखन व योगायोगांची रेलचेल हे दोष त्यांच्या कसोटीवर उघडे पडले. ते आजही जाणवतात. नाट्यरूपांतरास वॉलिसने दीर्घकाळ परवानगी दिली नाही. ख्रिस्ताची भूमिका कोणाही नटाने करू नये, ही त्याची अट मान्य झाल्यावरच १८९९ मध्ये न्यूयॉर्क येथे नाटक रंगभूमीवर आले. त्यात ख्रिस्ताचे अस्तित्व प्रकाशझोताने सूचित केले जाई, तर शर्यतीतील खरे घोडे फिरत्या पट्ट्यांवर धावत. १९०७ मध्ये विनापरवाना काढलेल्या मूकपटाविरुद्धच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९११ मध्ये दिलेला निर्णय चित्रपटांच्या प्रताधिकाराबाबत पायाभूत ठरला. विल्यम वायलरच्या १९५९ मधील चित्रपटास अकरा ऑस्कर पारितोषिके मिळाली. त्यातही ख्रिस्ताचा चेहरा दाखविलेला नाही. वॉलिसने स्वतःवर घातलेले बंधन असे त्याच्यामागेही पाळले गेले.

क्रॉफर्ड्झव्हिल येथे त्याने स्वतःच्या आराखड्यानुसार बांधलेली अभ्यासिका संग्रहालयाच्या रूपात जतन केलेली आहे. आत्मचरित्राचे लेखन यादवी युद्धाच्या हकीकतीपर्यंत आले असताना त्याच गावी त्याचे निधन झाले. उर्वरित भाग सूझनने मेरी क्राउट हिच्या साहाय्याने पूर्ण करून ते १९०६ मध्ये प्रसिद्ध केले. वॉशिंग्टन येथील संसदभवनात इंडियाना राज्याच्या वतीने १९१० मध्ये त्याचा पुतळा उभारण्यात आला.