सागवानाला काय लावावे?

आमच्या घराच्या सज्ज्याला आजोबांनी बसवलेल्या दांडेलीच्या सागवानी फळ्या आहेत. चकाकी यावी म्हणून मी त्यांना व्हार्निश दिले. दुसऱ्या पावसाळ्यात पापुद्रे सुटले नि खालचे लाकूड काळवंडले. माझ्या हौसेपायी आजोबांची ठेव नासली, याची खंत वाटली.

असे का झाले? लाकूड ओलाव्याने फुगते, सुकले की आकसते. व्हार्निशचा कडक थर त्याबरोबर हलत नाही. तो तडकतो आणि आत शिरलेले पाणी कोंडून राहते. सागाच्या अंगच्या तेलामुळे थर घट्ट धरतही नाही. उलट तेल लाकडात मुरते, त्याचे पापुद्रे निघत नाहीत. मात्र नुसत्या अळशीच्या तेलावर दमट हवेत बुरशी येते, आणि उन्हातील अतिनील किरणांनी लाकूड करडे पडते. म्हणून बुरशीनाशक व थोडे रंगद्रव्य असलेले तेल निवडावे. पुढे लाकडावर टाकलेला पाण्याचा थेंब मुरू लागला, की पुन्हा हात द्यावा.

एक सावधगिरी : तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवू नयेत. तेल वाळताना उष्णता निघते व त्या आपोआप पेटू शकतात. उघड्यावर पसरून वाळवाव्यात.

जुना थर खरवडून मी आता तेलच दिले आहे. फळ्या चकाकत नाहीत. पण टिकतील, असा भरवसा वाटतो.