भोपळा आणि पेटी

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्टीत भात तयार होण्याच्या दिवसांत तारपा घुमू लागला, की त्याचा नाद दूरवर पोचतो. या वाद्यात असते तरी काय? वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा आणि सांधे बुजवायला मेण. जव्हार तालुक्यातील वाळवंडे गावचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना संगीत नाटक अकादमीने गौरविले, तो गौरव या साध्या सामग्रीतून उठणाऱ्या नादाचाही आहे. नळीतील इवलीशी जीभ थरथरते. तिचा क्षीण कंप मोकळ्या हवेच्या स्वाधीन करण्याचे काम कर्णा करतो. मेण निघून सांधा फुटला, तर फुंकर वाया जाते.

घरच्या घरी लाउडस्पीकरची जुन्या घाटाची पेटी करू पाहणाऱ्याने हा धडा आधी गिरवावा. आज प्रचलित असलेल्या स्पीकरचा पाया १९२५ साली राइस आणि केलॉग या अमेरिकन अभियंत्यांनी घातला. कागदी शंकू पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते, त्याच क्षणी मागची विरळ होते. खर्जाचे स्वर कडेने वळसा घेऊन एकमेकांना मारतात. सेकंदाला ५० कंपांच्या स्वराची लहर जवळजवळ सात मीटर लांब असते. तिला अडविणारी फळी घरात कोण उभी करणार? म्हणून फळी मागे दुमडली आणि तिची पेटी झाली.

पेट्या मुख्यतः दोन तऱ्हांच्या. बंद पेटीत कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते. पेटी फार लहान केली की ही स्प्रिंग ताठ होते आणि खर्ज हरवतो. दुसरीत नळी बसवितात. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकले असता जो हुंकार उठतो, त्याच न्यायाने ही नळी खर्जाला आधार देते. बेल प्रयोगशाळेतील थुरास यांना या युक्तीचे पेटंट १९३२ साली मिळाले. ऑस्ट्रेलियातील थील यांनी १९६१ साली आणि पुढे स्मॉल यांनी तिचे गणित बसवून दिले. त्यामुळे आता स्पीकरसोबत मिळणारे आकडे पाहून पेटीचे माप काढता येते, अंदाजावर भिस्त ठेवावी लागत नाही.

प्रत्यक्ष कामात चार गोष्टी सांभाळाव्यात. फळी १८-१९ मिलिमीटर जाडीची घ्यावी. टिचकी मारल्यावर ती ढोलासारखी घुमली, तर आतून आडवी पट्टी ठोकावी. पेटी सर्व बाजूंनी सारखी करू नये. तसे केल्यास आतले तेच ते स्वर फुगतात. सांधे सरसाने बुजवावेत; आमच्याकडचा पावसाळा लाकूड फुगवितो, म्हणून कडा आणि आतली बाजूही रंगवावी. नळी प्रथम लांब ठेवून थोडीथोडी कापावी. कापल्याने तिचा स्वर चढतो, आणि जास्त कापलेली पुन्हा जोडता येत नाही.

जुना व्हॉल्व्हचा रेडिओ हाती आला, तर त्याची पाठ बंद करण्याचा मोह आवरावा. आम्हांलाही तो एकदा झाला होता. आवाज घोगरा झाला आणि पेटी तापली, तेव्हा कळले की ती उघडी पाठ व्हॉल्व्हची उष्णता बाहेर जाण्यासाठी होती. शिवाय प्लग काढल्यानंतरही अशा यंत्राच्या पोटात जिवावर बेतेल इतकी वीज साठून राहू शकते. जाणकाराशिवाय आत हात घालू नये.

हल्ली लग्नाच्या मांडवात उंच पेट्यांची भिंत उभी राहते आणि तिच्यापुढे तारपा ऐकू येत नाही. दोष पेटीचा नव्हे. मोठा आवाज तोच चांगला, या आपल्या समजुतीचा आहे. जो स्वतःच्या हाताने पेटी करतो, नळी कापता कापता कान देतो, त्याची ही समजूत आपोआप सुटते. मग त्याला भोपळ्यातला नादही नीट ऐकू येऊ लागतो.