कुंभकर्ण जागा झाला, आणि...

२०२५ च्या जानेवारीत एका रात्री साडेदहाच्या सुमारास आमच्या रामाचा फोन आला. "आपलं रामायण लागलंय! मोठ्या पडद्यावर! रविवारी सगळ्यांनी यायचं आहे," एवढे बोलून त्याने फोन ठेवलासुद्धा. रामाला नाही म्हणण्याची आमच्या टोळीत पद्धत नव्हती. तो राम झाला होता तो काही अंगच्या गुणांमुळे नव्हे; कॅसेट त्याच्या घरची होती म्हणून!

वाचकांना याचा थोडा उलगडा करून सांगायला हवा. डोंबिवलीला आमची चौघांची टोळी होती. राम हा असा वारसाहक्काने राम. टोळीत मुलगी एकच. पण सीता व्हायला तिने साफ नकार दिला आणि गच्चीच्या कठड्यावरून पाण्याच्या टाकीवर उडी मारून हनुमानाची जागा पटकावली. आज ती नाशिकला हाडांची डॉक्टर आहे. तिसरा अंगाने थोराड, बोलताना अडखळणारा आणि वर्गात हमखास डुलकी काढणारा. तो कुंभकर्ण झाला हे सांगायला नकोच. उरलो मी. मी वानरसेना.

२००१ च्या दिवाळीच्या सुटीत केबलवर लागलेला हा रामायणाचा कार्टूनपट रामाच्या वडिलांनी, म्हणजे काकांनी, व्हीसीआरवर उतरवून घेतला होता. पुढे सात-आठ महिने त्या कॅसेटने आमच्यावर राज्य केले. रावणाला अमरीश पुरींचा आवाज होता. तो गरजला की आम्ही उशीखाली डोकी खुपसत असू, आणि लगेच कॅसेट मागे नेऊन पुन्हा तेच ऐकत असू.

हे चित्र जपानात तयार झाले आहे असे तेव्हा कोणी सांगितले असते, तर आम्ही त्यालाच वेड्यात काढले असते. युगो साको नावाचे एक जपानी गृहस्थ १९८३ च्या सुमारास, पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांनी अलाहाबादजवळ केलेल्या उत्खननावर माहितीपट करण्याच्या निमित्ताने भारतात आले. रामायण त्यांच्या हाती पडले ते तेव्हा. आणि मग ते त्यात असे गुंतले, की जपानी भाषेत मिळतील तेवढी रामायणे त्यांनी वाचून काढली. रामाचे देवपण हाडामांसाच्या नटापेक्षा रेखाटलेल्या चित्रातच नीट उतरेल, असे त्यांचे मत झाले. परंतु परक्या माणसाने आमच्या रामाचे 'कार्टून' करावे हे इकडे रुचले नाही. निषेधाचे पत्र गेले. सरकारनेही हात आखडता घेतला. तेव्हा काम जपानातच करायचे ठरले. दिग्दर्शनात त्यांच्या जोडीला कोइची सासाकी आणि आपले राम मोहन. राम मोहन हे १९५६ पासून मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात तयार झालेले. 'शतरंज के खिलाडी'मधली गमतीदार हलती चित्रे ज्यांना आठवत असतील, त्यांना हा हात ओळखीचा वाटेल. संगीत वनराज भाटियांचे. सुमारे साडेचारशे कलावंत खपले. लाखाच्या घरात चित्रे हातांनी रंगवली गेली. मला सर्वांत मौज वाटते ती ही, की धोतर कसे नेसतात, साडी कशी नेसतात, मुले वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद कसा घेतात, याचे धडे भारतीय चित्रकारांनी जपानी चित्रकारांना दिले!

चित्र १९९२ मध्ये पुरे झाले आणि पुढच्या वर्षी दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात दाखवले गेले. पण आमच्या पिढीने ते पाहिले, ते बहुतांशी घरातल्या छोट्या पडद्यावरच. साको २०१२ मध्ये गेले, राम मोहन २०१९ मध्ये. २४ जानेवारी २०२५ ला नवी लखलखीत प्रत देशभर लागली, ती पाहायला दोघेही नव्हते.

आता माझ्या पापाकडे वळतो.

१३ जुलै २००२, शनिवार. लॉर्ड्सवर नॅटवेस्ट मालिकेचा अंतिम सामना. इंग्लंडच्या ३२५ धावा, आणि आपले पाच गडी १४६ धावांत तंबूत. पाचवा सचिन. तो बाद होताच बाबांनी टीव्ही बंद केला. "संपलं. झोपा आता." देशातल्या निम्म्या बापांनी त्या रात्री हेच केले असावे. मला मात्र उगीचच वाटत होते, की अजून काहीतरी घडेल. घरात कोरी कॅसेट नव्हती. होती ती काकांची, दोन दिवसांच्या बोलीवर आणलेली. आणि कुंभकर्णाला उठवायला सारी लंका त्याच्याभोवती जमते, तिथे थांबवलेली.

ज्यांनी व्हीसीआर वापरला आहे त्यांना आठवेल, कॅसेटच्या कडेला प्लॅस्टिकचा एक चिमुकला तुकडा असे. तो मोडला, की त्या कॅसेटवर दुसरे काही उतरत नसे. काकांनी तो मोडून ठेवला होता. मी त्या खाचेवर बाबांच्या हत्यारांच्या डब्यातली लाल चिकटपट्टी लावली. म्हणजे 'चुकून झाले' असे म्हणायलाही जागा नाही. बटण दाबले आणि अंथरुणात शिरलो.

सकाळी पेपरात वाचले: मोहम्मद कैफ नाबाद ८७, युवराज ६९, दोन गडी आणि तीन चेंडू राखून आपण जिंकलो! धावत जाऊन कॅसेट लावली. कुंभकर्णापर्यंत रामायण शाबूत. मग एकदम लॉर्ड्सची हिरवळ. आणि सामना ऐन रंगात आला असताना कॅसेटच संपली. रावण मेला नाही, आणि सामनाही जिंकला नाही.

तेवढ्यात दारात कुंभकर्ण हजर. त्याच्या घरी नुकताच मामांचा जुना व्हीसीआर आला होता आणि कॅसेट न्यायची पाळी त्याची होती. मी चिकटपट्टी उपटली आणि कॅसेट त्याच्या हातात दिली.

मंगळवारी बोभाटा झाला. काका मला विचारायला आले, तेव्हा मी म्हटले, "मी दिली तेव्हा चांगली होती." पाच शब्द. कुंभकर्णाच्या वडिलांनी त्याला जिन्यात, सगळ्यांदेखत, पट्ट्याने झोडपले. तो "मी... मी..." एवढेच म्हणत राहिला. रामाच्या घरी जायला त्याला बंदी झाली आणि आमची टोळी वर्षभर मोडली. पुढे मोठेपणी सारे पुन्हा जुळले, एकमेकांच्या लग्नात आम्ही नाचलो; पण तो विषय कोणी काढला नाही. मी तर नाहीच नाही.

तर २६ जानेवारीला, रविवारी, ठाण्याच्या एका चित्रपटगृहात आम्ही चौघे ओळीने बसलो. विश्वामित्र दशरथाकडे रामाला मागायला आले, आणि मोठ्या पडद्यावरचे ते रंग पाहून आम्ही गप्पच झालो. डॉक्टरीणबाई तेवढ्या मधूनमधून, "अशी उडी मारली तर गुडघ्याचं काय होईल!" असे पुटपुटत होत्या. राम मात्र अस्वस्थ. हिंदी आवाज नव्याने भरलेले होते. ओळखीचा एकही नाही. "अमरीश पुरी कुठे आहेत?" असे त्याने मला दोनदा विचारले, जणू ते मीच लपवून ठेवले होते.

कुंभकर्णाला उठवायची लगबग सुरू झाली, आणि माझ्या तळव्यांना घाम फुटला. एवढ्यात शेजारचा तो धिप्पाड मनुष्य माझ्याकडे वाकून म्हणाला, "आता गांगुली येईल बघ."

सगळी ओळ हसली. मागच्याने 'शुक् शुक्' केले. मला हसू आले नाही. गांगुली अर्थातच आला नाही. कुंभकर्ण उठला, लढला आणि पडला, आणि मी मान खाली घालून बसलो.

बाहेर चहाच्या टपरीवर मी एकदम म्हणालो, "ती कॅसेट मी बिघडवली होती."

हनुमानाच्या हातातला ग्लास हातातच राहिला. कुंभकर्णाने चहावर फुंकर घातली. आता तो अडखळत नाही. एका शाळेत भूगोल शिकवतो.

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "खाचेत लाल पट्टीचा तुकडा राहिला होता. आमच्या घरात कुठली आलीय लाल पट्टी?"

"मग बोलला का नाहीस?"

"त्या वेळी तोंडातून शब्दच फुटेना. नंतर वाटलं, तू सांगशील. सहावीत वाटलं, सातवीत वाटलं. पुढं पुढं वाट बघायचंच विसरलो."

यावर मी काय बोलणार? बोलला तो राम. "बाबांनी ती कॅसेट टाकून दिली नाही. मी हट्ट केला की लावायचे. कुंभकर्ण उठला की टीव्ही बंद करायचे आणि पुढचं युद्ध स्वतः सांगायचे, हातवारे करून, अमरीश पुरींच्या आवाजात. आज शेवट बघताना मला सारखं वाटत होतं, हा रावण चुकतोय." काका २०२१ मध्ये गेले.

पुढच्या रविवारी मी कुंभकर्णाच्या घरी गेलो. त्याचे वडील आता पंचाहत्तरीचे आहेत, कानांनी अधू. मला सारे ओरडून सांगावे लागले; माझा गुन्हा शेजारच्या बिऱ्हाडांनाही कळला असेल. ते बराच वेळ भिंतीकडे पाहत राहिले.

"मी मारलं होतं त्याला?" त्यांनी विचारले.

"हो."

"कशानं?"

मी सांगितले. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले, कष्टाने उठून उभे राहिले आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून मुलाला हाक मारली. तो चहाचे कप घेऊन बाहेर आला, तेव्हा मी दारात चपला घालत होतो.