कूपरेज ते ताजिकिस्तान : खालिद जमील

भाईंदर पूर्वेतल्या फुटबॉलवेड्या मित्रांनो, हा माणूस आपल्याच मुंबईच्या मैदानांत घडला आहे. जन्म कुवेतचा, 1977चा. पण खेळले ते महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया आणि शेवटी मुंबई एफसीकडून. मधल्या फळीतला गुणी खेळाडू, पण दुखापतींनी कारकीर्द पोखरली. 2009मध्ये बूट उतरवले आणि त्याच मुंबई एफसीचे प्रशिक्षक झाले. तुटपुंज्या बजेटवर त्यांनी सात वर्षं संघ पहिल्या श्रेणीत टिकवला. आपल्याकडून चर्चगेट लोकल पकडली की कूपरेज गाठता येतं, तेच या संघाचं मैदान होतं.

2016मध्ये क्लबने त्यांना सोडलं. ते मिझोरामच्या ऐझॉलला गेले. आदल्या मोसमात पदावनत झालेला, लीगमध्ये कसाबसा परत घेतलेला तो संघ. 30 एप्रिल 2017ला शिलाँगमध्ये 1-1 बरोबरी साधून तो आय-लीग विजेता ठरला! ईशान्येतला पहिलाच. त्याच मोसमात मुंबई एफसी तळाला गेली. भारतीय क्लब फुटबॉलमधला हा सर्वांत मोठा चमत्कार, असं माझं ठाम मत आहे.

पुढे ऑगस्ट 2025मध्ये जमील भारताचे मुख्य प्रशिक्षक झाले. पहिल्याच सामन्यात ताजिकिस्तानला त्यांच्याच घरात 2-1 हरवलं.